'मॅनर्स' : एका शब्दाची उलटतपासणी

'त्याला मॅनर्स नाहीत.' सुशिक्षित मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य रोजचे आहे. घरात, शाळेत, कचेरीत, वसतिगृहाच्या खानावळीत ते ऐकू येते. या वाक्याची एक गंमत आहे. ते बहुधा नकारार्थीच वापरले जाते. 'त्याला मॅनर्स आहेत' असे आपण सहसा म्हणत नाही. म्हणजे मराठीत आल्यावर हा इंग्रजी शब्द मुख्यतः उणीव दाखवण्याच्या कामी लागला. ही उणीव कोणाची, ती दाखवणारा कोण आणि मोजमापाची पट्टी कोणाच्या हातात, हे प्रश्न मात्र विचारले जात नाहीत. ते विचारण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी स्वतः हे वाक्य पहिल्यांदा ऐकले ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी. वक्तृत्वस्पर्धा झाली होती, मला बक्षीस मिळाले होते आणि नंतर सगळ्यांना जेवण होते. मी भूक लागलेल्या माणसासारखा जेवलो. आमटीची वाटी तोंडाला लावली, भुरका मारला. चमचा ताटात होता, पण त्याचा उपयोग मला ठाऊक नव्हता. समोरचे एक प्राध्यापक शेजाऱ्याला हसून म्हणाले, "यांना आधी मॅनर्स शिकवायला हवेत." मी एकटाच होतो, तरी ते 'याला' म्हणाले नाहीत, 'यांना' म्हणाले. ते अनेकवचन आदराचे नव्हते, हे मला त्या वयातही कळले. त्यांनी माझ्यासोबत माझी आई, माझा बाप आणि आमची सगळी वस्ती त्या ताटावर आणून बसवली होती.

शब्दाचा राग करून शब्दापासून सुटका होत नाही. त्याचा इतिहास समजून घेतला तर मात्र तो आपल्या हातात येऊ शकतो. म्हणून प्रथम शब्दाकडे पाहू.

१

इंग्रजीत 'मॅनर' हे एकवचन आणि 'मॅनर्स' हे अनेकवचन. शब्द लॅटिन 'मानुस', म्हणजे हात, यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ एखादी गोष्ट हाताळण्याची रीत. आपल्या भाषेत याला अगदी जुळणारा शब्द आहे : 'हातोटी'. सुताराची हातोटी, चांभाराची हातोटी, ढोलकी वाजवणाऱ्याची हातोटी. हा या शब्दाचा पहिला अर्थ होय. त्यात उच्चनीच नाही. ज्याच्या हाताला काम आहे, त्याला हातोटी आहे. या हिशेबाने पाहिले तर 'मॅनर' सर्वात जास्त असायला हवी ती श्रमणाऱ्यांकडे.

दुसरा अर्थ अनेकवचनाचा. लॅटिनमध्ये 'मोरेस' असा शब्द आहे. समाजाच्या चालीरीती, लोकांचा आचार, त्यांची नीती हे सगळे त्यात येते. 'मॉरल' हा शब्द त्याच घरातला. 'मोरेस' इंग्रजीत आणताना जुन्या लेखकांनी 'मॅनर्स' हाच शब्द वापरला. त्या काळी 'मॅनर्स' आणि 'मॉरल्स' यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. याचा एक पुरावा बायबलमध्ये सापडतो. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात वाईट संगतीचा परिणाम सांगणारे एक वचन आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'मॅनर्स' शब्द आहे. विसाव्या शतकातील भाषांतरात त्याच जागी 'मॉरल्स' शब्द घालावा लागला. मूळ वचन बदलले नव्हते. मधल्या काळात 'मॅनर्स' एवढा आकसला होता, की नीतीचा अर्थ त्याला पेलवेना.

इंग्लंडमध्ये विल्यम ऑफ वायकेम या धर्मगुरूने चौदाव्या शतकात ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज आणि विंचेस्टरची शाळा स्थापन केली. दोन्ही संस्थांचे बोधवाक्य एकच : मॅनर्स माणसाला माणूस करतात. येथे काटा-चमच्याचा संबंध नाही. येथे 'मॅनर्स' म्हणजे आपण ज्याला 'शील' म्हणतो ते. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांच्यासोबत ज्याला स्थान दिले, ते शील. बौद्ध परंपरेत शील म्हणजे वागणेही आणि नीतीही. दोन्हींची फारकत तेथे केलेली नाही. पंचशीलातला एकही नियम जेवणाच्या टेबलाचा नाही. प्रत्येक नियम आपल्या वागण्याने दुसऱ्याचे काय होते, याविषयी आहे.

तिसरा अर्थ शिष्टाचाराचा : कसे बसावे, कसे खावे, कोणाला कसे अभिवादन करावे. मराठीत आपण हा तिसरा अर्थ तेवढा उचलला आणि पहिले दोन किनाऱ्यावरच सोडून दिले.

२

तिसरा अर्थ वरचढ कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. १५३० साली इरॅस्मस या विद्वानाने मुलांच्या सभ्य वर्तनावर लॅटिनमध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले. नाक कसे पुसावे, ताटाला हात कसा लावावा, पाहुण्यांत कसे बसावे, अशा गोष्टी त्यात आहेत. दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच पुस्तकांचा अभ्यास करून दाखवले, की युरोपातल्या या रीती प्रामुख्याने राजदरबारात घडल्या आणि तेथून खाली झिरपत गेल्या. खालचा वर्ग वरच्याची रीत उचलू लागला, की वरचा वर्ग ती अधिक बारीक, अधिक अवघड करी. कारण त्या रीतीचे एक काम अंतर राखण्याचेही होते.

शब्दांतही ही कूळकथा शिल्लक आहे. 'कर्टसी' हा शब्द 'कोर्ट', म्हणजे दरबार, यावरून आला. 'सिव्हिल' नगरातल्या नागरिकावरून आला. आपल्याकडेही तेच. 'सभ्य' म्हणजे सभेत बसण्यास योग्य. ज्याला सभेत प्रवेशच नव्हता, तो सभ्य होणार कसा? 'नागर' म्हणजे चांगले आणि 'ग्राम्य' म्हणजे वाईट. मग गावकुसाबाहेर राहणाऱ्यांसाठी शब्दकोशात कोणती जागा उरते, ते सांगायला नको.

हा संकोच सर्वांनी मुकाट्याने मान्य केला असेही नाही. थॉमस हॉब्जने १६५१ च्या 'लेव्हायथन' ग्रंथात 'मॅनर्स'वर एक प्रकरणच लिहिले. त्याच्या आरंभी तो स्पष्ट करतो, की नमस्कार कसा करावा किंवा चारचौघांत दात कसे कोरावेत हा आपला विषय नव्हे. माणसे एकत्र शांततेने कशी राहतील, यासंबंधीचे गुण हा आपला विषय आहे. पुढे १७७४ साली लॉर्ड चेस्टरफील्डची मुलाला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. वरच्या वर्तुळात कसे वागावे याचे ते शिक्षण होते. त्यातली रीत नाचगाणे शिकवणाऱ्या मास्तराची आणि नीती मात्र अगदीच हलकी, अशा अर्थाचा टोला डॉक्टर जॉन्सनने हाणला. म्हणजे रीत आहे पण नीती नाही, असा माणूस असू शकतो हे इंग्रजांनाही माहीत होते.

आता मराठीकडे वळू. 'मॅनर्स'ला आपण सरळ 'शिष्टाचार' हा प्रतिशब्द देतो. तो निरुपद्रवी नाही. धर्मशास्त्रात शिष्टांचा, सज्जनांचा आचार हा स्वतःच धर्माचे प्रमाण मानला जातो. वेद, स्मृती आणि त्याखालोखाल सदाचार, असा क्रम मनुस्मृतीत आहे. आणि सदाचार कोणता? ब्रह्मावर्तात वर्णांमध्ये परंपरेने चालत आलेला तो. म्हणजे एका गटाचे वागणे हे केवळ त्याचे वागणे राहत नाही, ते सर्वांसाठी कायदा होते. त्याच ग्रंथात कोणत्या वर्णाच्या माणसाची विचारपूस कोणत्या शब्दाने करावी हे ठरवून दिले आहे, आणि शूद्राच्या मुलाचे नाव तिरस्कारसूचक असावे असेही सांगितले आहे. जन्मलेल्या लेकराच्या नावापर्यंत शिष्टाचार पोचला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले, त्यात हा शिष्टाचारही होता.

३

या शब्दाचा आणखी एक उपयोग आपल्या इतिहासाला थेट भिडतो. एकोणिसाव्या शतकात 'मॅनर्स अँड कस्टम्स' अशी जोडगोळी तयार झाली. परक्या लोकांच्या चालीरीतींचे वर्णन करणाऱ्या पुस्तकांच्या नावांत ती वारंवार दिसते. दुबुआ या फ्रेंच मिशनऱ्याचे हिंदुस्थानातील लोकांच्या स्वभावाचे, 'मॅनर्स'चे आणि 'कस्टम्स'चे वर्णन करणारे पुस्तक इंग्रजीत १८१६ साली निघाले. १८९७ च्या आवृत्तीत तर हे शब्द 'हिंदू' या शब्दासह ग्रंथनामातच बसले.

येथे 'मॅनर्स'चा दुसरा, समाजाच्या आचाराचा, अर्थ परत येतो. पण त्यातील नीतीचा अंश काढून टाकलेला असतो. अस्पृश्यता ही एका समाजाने दुसऱ्यावर लादलेली गोष्ट आहे असे न म्हणता, ती 'त्या लोकांची चाल' आहे असे नोंदवले, की तिच्याविषयी काही करण्याची जबाबदारी उरत नाही. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारला अमान्य नव्हते. पण एकट्या मुलासाठी युगानुयुगांच्या समजुतींना धक्का दिला तर ती शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, असे कारण दाखवले गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात, येथील प्राचीन हक्क, रूढी आणि वहिवाटी यांचा मान राखण्याचे वचन आले. ज्यांच्या रूढी होत्या त्यांना मान मिळाला. ज्यांच्या पाठीवर त्या रूढी होत्या त्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

४

'मॅनर्स' हे केवळ पांघरूण आहे, खरा प्रश्न भाकरीचा आहे, असे काही मित्र म्हणतील. भाकरीचा प्रश्न आहेच. पण रीतीचा प्रश्न किरकोळ असता, तर वरच्यांनी तो एवढ्या जिवाच्या आकांताने जपला नसता. अमेरिकेतले एक उदाहरण पाहा.

दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसाशी बोलण्याची एक ठरलेली रीत होती. गोऱ्याला 'मिस्टर', गोरीला 'मिस' किंवा 'मिसेस'. काळा माणूस म्हातारा असला तरी 'बॉय', फार तर 'अंकल'. काळी बाई म्हणजे पहिले नाव किंवा 'आँटी'. १९६३ च्या जूनमध्ये अलाबामातील गॅड्सडेन येथे मेरी हॅमिल्टन ही 'काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी'ची कार्यकर्ती न्यायालयात साक्षीला उभी होती. सरकारी वकिलाने तिला 'मेरी' म्हणून हाक मारली. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशाने तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली.

येथे अवमान कोणाचा झाला होता? न्यायालयाच्या लेखी न्यायालयाचा. हॅमिल्टनच्या लेखी तिचा. 'मॅनर्स' कोणाजवळ नव्हते, या प्रश्नाची दोन उत्तरे त्या एका खोलीत समोरासमोर उभी होती.

मराठी माणसाला हे समजायला भाषांतराची गरज नाही. आपल्या आजोबांना पाटलाचे शेंबडे पोर 'अरे धोंड्या' म्हणून हाक मारी, आणि आजोबा त्या पोराला 'धनी' म्हणत. 'अहो' आणि 'अरे' यांच्यामधली दरी ही आमच्याकडची 'मिस्टर' आणि 'बॉय' यांच्यामधली दरी होय. ब्लॅक पँथर १९६६ साली निघाली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. समुद्रापलीकडचे ते नाव आमच्या तरुणांना जवळचे वाटले, त्यामागे हा समान अनुभवही होता.

५

अभिवादनाचीच गोष्ट घ्या. १७७९ साली मुंबईत कंपनी सरकारने सोनारांना 'नमस्कार' हा शब्द वापरण्यास बंदी करणारा हुकूम काढला होता. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात तो नमूद केला आहे. ब्राह्मणांचा शब्द सोनाराने उच्चारणे हाही गुन्हा. मग महाराच्या वाट्याला काय होते? 'जोहार, मायबाप.' दोन हात जोडून, वाकून, अंतर ठेवून. 'जय भीम' या अभिवादनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. ते दोन्ही बाजूंनी एकाच शब्दात बोलले जाते. म्हणणारा आणि उत्तर देणारा यांच्यात पायरी नाही. कामठीच्या बाबू हरदासांना या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय दिले जाते. ही मराठी समाजाला मिळालेली खरी नवी 'मॅनर' आहे.

पोशाखाचेही तसेच. १९२७ च्या डिसेंबरातील महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जुन्या तऱ्हेचे लुगडे नेसणे आणि जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने सोडून देण्यास सांगितले. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा उपदेश वाटेल. प्रत्यक्षात तो शिष्टाचार मोडण्याचा उपदेश होता, कारण अस्पृश्य स्त्रीने अस्पृश्य दिसावे हाच तत्कालीन शिष्टाचार होता.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२८ मध्ये, इंदूर भागातील बलाई जातीवर सवर्णांनी लादलेल्या अटींची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या निबंधात बाबासाहेबांनी ती उद्धृत केली. पुरुषांनी जरीकाठाची पगडी घालू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. सवर्णांच्या घरची मृत्यूची वार्ता नातेवाइकांना पोचवावी. त्यांच्या बायकांच्या बाळंतपणाला जावे. मोबदला न मागता सेवा करावी. या यादीत धोतराचा काठ आणि फुकटचे श्रम एकाच ओळीने येतात. भाकरीचा प्रश्न आणि रीतीचा प्रश्न वेगळे नाहीत, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? वेठ टिकवायची तर धोतराचा काठही कोरा ठेवावा लागतो.

आणि हा केवळ गेल्या शतकाचा इतिहास नव्हे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, त्यात नवे गुन्हे घालण्यात आले. सार्वजनिक जागी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल वा मोटारसायकलवर बसण्यास, लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे हे त्या यादीत आहे. घटना अमलात येऊन पासष्ट वर्षे लोटल्यावर संसदेला वहाण आणि घोडा हे शब्द कायद्यात लिहावे लागले. देशाच्या 'मॅनर्स'चे याहून अधिकृत वर्णन मला माहीत नाही.

६

साहित्यात हा शब्द कसा राबवला गेला? इंग्रजीत 'कॉमेडी ऑफ मॅनर्स' आणि 'नॉव्हेल ऑफ मॅनर्स' असे प्रकार मानले जातात. एका समाजाच्या वागण्याच्या रीतींतून त्याची मूल्ये उघडी करायची, हे त्यांचे काम. हा निकष घेतला तर दलित आत्मकथने 'मॅनर्स'चेच साहित्य आहेत. 'बलुतं' १९७८ साली आले, 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. वाटेत वरच्या जातीचा पुरुष दिसला की महार बायांनी बाजूला होऊन, पदर ओढून, पाया पडत असल्याचे तोंडाने म्हणायचे, आणि एखाद्या नव्या सुनेकडून ते राहिले तर तिच्या घरादाराला बोलणी खावी लागायची, हे बेबी कांबळे सांगतात. एका रीतीच्या चौकटीत सबंध गाव येथे मावले आहे.

तरीही दलित साहित्यावर आक्षेप आला तो भाषेच्या असभ्यतेचा. 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शब्द शिवराळ आहेत, अश्लील आहेत असे म्हटले गेले. येथे शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर आपटतात. लेखक समाजाची नीती तपासतो आहे आणि टीकाकार लेखकाचे टेबलावरचे वागणे तपासतो आहे. तिसऱ्या अर्थाचा आश्रय घेऊन दुसऱ्या अर्थापासून पळ काढण्याचा हा प्रकार होय.

७

मग आपण काय करावे? 'मॅनर्स' हे सारे थोतांड म्हणून फेकून द्यावे? तसे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. वागण्याच्या रीतीशिवाय माणसे एकत्र राहू शकत नाहीत. बाबासाहेबांच्या दृष्टीने लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नव्हती. सहजीवनाची आणि सोबतच्या माणसांविषयी आदर बाळगण्याची ती रीत होती. म्हणजे लोकशाहीलाही तिची 'मॅनर' आहे. प्रश्न रीत हवी की नको हा नाही. कोणती रीत, हा आहे.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना मी एक साधी कसोटी सुचवतो. कोणतीही रीत उलटी करून पाहावी. रांगेत उभे राहणे, दुसरा बोलत असता मध्ये न बोलणे, जेवणापूर्वी हात धुणे : या रीती उलट्या केल्या तरी तशाच राहतात, मी तुमच्यासाठी आणि तुम्ही माझ्यासाठी. त्या शिकवाव्यात. चमचा धरणे ही एक हातोटी आहे. ती पाच मिनिटांत शिकता येते आणि न आल्याने माणूस कमी होत नाही. ती शिकवावी, पण गुण देऊ नयेत. आणि जी रीत उलटी करताच वरचा माणूस संतापतो, ती रीत नसून हुकूम आहे. तो मोडावा.

ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. आपल्या सभेत सतरंजी कोण घालते आणि चहा कोण आणते? घरात 'अहो' कोण म्हणते आणि 'अगं' कोण म्हणतो? सफाईला येणाऱ्या बाईचे नाव आपल्याला माहीत आहे का, की आपणही तिला नुसती हाक मारतो? आपल्याहून खालची मानलेली जात आपल्या दारात आली तर तिला पाणी कोणत्या भांड्यातून मिळते? हे प्रश्न अप्रिय आहेत. पण दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार ते स्वतःला विचारल्यावरच येतो.

पुढे मी शिक्षक झालो. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुले येतात, ज्यांच्या घरात जेवणाचे टेबल नसते. एकदा शाळेच्या सहभोजनात एका मुलाने वाटी तोंडाला लावून भुरका मारला आणि शेजारची मुले हसली. तो वाटी खाली ठेवू लागला. मी माझी वाटी उचलून तोंडाला लावली. आमटी गरम होती, भुरका मोठा झाला. हसणे थांबले. जेवण झाल्यावर मी हसणाऱ्या मुलांना थांबवून घेतले आणि 'मॅनर्स' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांना तो माहीत नव्हता.